एच. पायलोरीचं किट: अल्सरवरचं सर्वात कामाचं आणि सर्वात धसमुसळेपणानं वापरलं जाणारं औषध

मेडिकलमध्ये पोटासाठी मागितल्या जाणाऱ्या वस्तूंत इनोचा पाउच पहिल्या रांगेत, एच. पायलोरी या पोटातल्या जंतूवरचं किट शेवटच्या. किट म्हणजे तळहाताएवढी जाड स्ट्रिप, एका दिवसाला एक. वरच्या ओळीत सकाळच्या गोळ्या, खालच्या ओळीत संध्याकाळच्या. प्रत्येक ओळीत आम्ल कमी करणारी एक कॅप्सूल, बहुतेक वेळा लॅन्सोप्रॅझोल ३० किंवा ओमेप्रॅझोल २० मिलिग्रॅम, आणि सोबत दोन वेगवेगळी अँटिबायोटिक्स. जंतूमुळे झालेली जखम भरून ती पुन्हा होऊ न देणारं औषध या कप्प्यात एवढंच आहे. म्हणून परीक्षण करायचं ते याचंच, आणि बाकीच्या बाटल्या-पाकिटांकडे याच्या मापानं बघायचं.

आधी अल्सर कशाला म्हणायचं ते. जठराच्या, किंवा जठर संपून लहान आतडं सुरू होतं त्या भागाच्या, आतल्या अस्तराला पडलेली खोल जखम म्हणजे अल्सर. साधारण ५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि अस्तराच्या तळाच्या थरापलीकडे गेलेली असेल तरच दुर्बिणीच्या रिपोर्टवर तो शब्द येतो. वरवर खरचटलेलं असेल तर 'इरोजन', नुसती सूज असेल तर 'गॅस्ट्रायटिस'. घरी येईपर्यंत मात्र तिन्हींचा 'पोटात अल्सर निघाला' असा एकच अनुवाद झालेला असतो. रिपोर्टवरचा नेमका शब्द आणि जागा बघून ठेवा, कारण आम्ल कमी करणारं औषध किती दिवस ते त्यावर ठरतं. आतड्याच्या अल्सरला साधारण चार आठवडे लागतात, जठराच्या अल्सरला आठ.

जठरातलं आम्ल मांस पचवतं, पण जठराला पचवत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्याखाली आम्ल मारणारं बायकार्बोनेट पाझरत असतं. हे कवच मोडणारी मोठी कारणं दोनच. पहिलं म्हणजे एच. पायलोरी हा मळसूत्रासारखा वळलेला जंतू. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, त्या अमोनियाच्या आडोशानं आम्लात तग धरतो आणि श्लेष्माच्या थरात घर करतो. बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून तो पोटात येतो आणि औषध दिल्याशिवाय सहसा जात नाही. आपल्याकडे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त प्रौढांच्या पोटात तो असतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, पण साधारण दहातल्या एकाला अल्सर होतो.

दुसरं कारण पेनकिलर. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनसुद्धा. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत, आणि जठराचं कवच उभं असतं ते त्याच द्रव्यांवर. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे: 'गोळी पोटाला लागते, म्हणून इंजेक्शन घेतलं.' नुकसान होतं ते रक्तातून. कंबरेत टोचलेलं डायक्लोफिनॅक तेच काम करतं, आणि वरून आवरण दिलेली ॲस्पिरिनही पोट वाचवत नाही. पॅरासिटामॉल या यादीत नाही. पण अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा असिक्लोफिनॅक असतं, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावीत. गुडघेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या मिळतात, त्यांत स्टेरॉइड किंवा पेनकिलर मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत अनेकदा उघड झालं आहे.

तिखट, चहा आणि टेन्शन हे तीन आरोपी आपण पिढ्यानपिढ्या पकडत आलो. तिखटानं आधीच झालेली जखम चुरचुरते, नवी होत नाही. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यावर हा आळ उगाच आहे. विडी-सिगारेटचं तसं नाही. तिनं जखम उशिरा भरते आणि भरलेली परत उघडते.

जंतूचा शोध लागला तो १९८२ साली, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांच्या काचेच्या बशीत जंतू वाढतच नव्हता. ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस पेटीत राहिल्या आणि वाढलेला दिसला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूचं मिश्रण स्वतः प्यायलं आणि काही दिवसांत त्यांना जठराची सूज आली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या जंतूला जठराच्या कर्करोगाच्या ठरलेल्या कारणांत घातलं, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा शोध लागण्याआधी अल्सरवाल्याला तासातासाला दूध-साय पाजत आणि जमलं नाही तर जठराकडे जाणारी मज्जातंतूची नस कापत. थंड दुधाचा सल्ला अजून आपल्या घरात टिकून आहे. दुधानं अर्धा तास बरं वाटतं हे खरं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमनं पाठोपाठ आम्ल वाढतं.

आता किट कोणी घ्यायचं? लक्षणांवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. बेंबीच्या वर, छातीच्या पिंजऱ्याच्या खाली, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी आग किंवा कुरतडल्यासारखी कळ. आतड्याचा अल्सर असेल तर ती जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा रात्री बारा ते तीनच्या सुमारास उठते, आणि दोन बिस्किटं खाल्ली की शमते. जठराचा असेल तर बऱ्याचदा खाल्ल्यावरच दुखतं, मग माणूस जेवायला भितो आणि वाळतो. घशापर्यंत येणारं आंबट पाणी, वाकलं की होणारी छातीतली जळजळ हा प्रकार बहुधा वेगळा. त्यात आम्ल वर येतं आणि त्यावर हे किट उपयोगाचं नाही. गॅस, पोट डब्ब, करपट ढेकर यांवरही नाही. आणि सर्वात फसवा प्रकार म्हणजे वयस्कर माणसाचा पेनकिलरचा अल्सर. त्यात बऱ्याचदा दुखतच नाही. पहिली खूण असते रक्त कमी होणं किंवा काळी शी.

म्हणून किटच्या आधी तपासणी. निदान झाल्याशिवाय किट विकत घेणं म्हणजे नसलेल्या जंतूसाठी दोन अँटिबायोटिक्सचा चौदा दिवसांचा मारा. तपासण्या चार मिळतात आणि त्यांतली एक या कामाला घेऊ नये.

श्वासाची तपासणी सर्वात सोयीची. चार ते सहा तास उपाशी राहून एका पिशवीत फुंकायचं, मग कार्बन-१३ असलेला युरिया पाण्यातून प्यायचा आणि वीस-तीस मिनिटांनी दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच खुणेचा कार्बन उच्छ्वासात येतो. काही ठिकाणी कार्बन-१४ ची कॅप्सूल देतात. तिच्यात किंचित किरणोत्सर्ग असतो, म्हणून गरोदर बाई आणि लहान मुलांना ती टाळतात. दुसरी तपासणी शीमधल्या प्रतिजनाची, म्हणजे स्टूल अँटिजेन. वाटाण्याएवढा नमुना पुरतो, पण तो पातळ नसावा, त्यात लघवी मिसळलेली नसावी आणि वेळेत लॅबमध्ये पोचावा. दोन्ही तपासण्या विश्वासार्ह आहेत आणि दोन्ही बरोबरीनं फसतात, तेही एकाच कारणानं: माणूस पँटोप्रॅझोल घेत असतो. आम्ल कमी करणारी ही गोळी जंतूला दबवते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. तपासणीआधी दोन आठवडे ती बंद हवी, अँटिबायोटिक आणि बिस्मथ (जंतूवर चालणारा एका धातूचा क्षार) चार आठवडे बंद हवं. मधल्या काळात जळजळ झालीच तर अँटासिडचं सिरप चालतं. ही गोष्ट आधी सांगायची सवय बहुतेक लॅबना नाही. आपणच विचारावं लागतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे आणि पोट वाचवायला सोबत ही गोळी दिली आहे, अशांनी मात्र ती मनानं थांबवू नये.

तिसरी तपासणी दुर्बिणीतून. घशात बधिर करणारा फवारा मारून नळी आत घालतात. काम पाच-दहा मिनिटांचं, त्याआधी सहा ते आठ तास काही खायचं नाही आणि नंतर घसा पूर्ण जागा होईपर्यंत पाणीही नाही, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर स्कूटरवर घरी जाऊ नये. जठराच्या अस्तराचा तीळभर तुकडा काढून पिवळ्या जेलच्या खणात टाकतात. जेलमध्ये युरिया असतो आणि रंग बदलणारं द्रव्य. जंतूनं अमोनिया केला की पिवळ्याचं गुलाबी होतं, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. रिपोर्टवर 'आरयूटी निगेटिव्ह' (आरयूटी म्हणजे हीच जेलची तपासणी) असेल तर दोन प्रश्न विचारा: त्या दिवशी आम्लाची गोळी चालू होती का, आणि अल्सरमधून रक्त येत होतं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर हो असेल, तर तो निगेटिव्ह धरून चालायचं नाही, नंतर पुन्हा तपासायचं.

चौथी, रक्तातल्या प्रतिपिंडांची. ही घेऊ नये. जंतू गेल्यावरही प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे जुन्या, संपलेल्या संसर्गालाही ती पॉझिटिव्ह दाखवते. 'फुल बॉडी चेकअप'च्या काही पॅकेजमध्ये ती आपोआप येते आणि त्या एका कागदावर किट सुरू झालेली माणसं काउंटरवर रोज दिसतात.

पंचावन्न-साठीच्या पुढे पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, रक्त कमी झालं असेल किंवा घरात जठराचा कर्करोग असेल तर श्वासाच्या तपासणीवर भागवू नये, सरळ दुर्बीण. जठराच्या अल्सरच्या कडेचे तुकडे तपासायला पाठवलेच पाहिजेत आणि आठ-बारा आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा घालून जखम भरल्याचं बघितलं पाहिजे. कारण कर्करोगाची जखमही आम्लाच्या गोळीनं काही दिवस भरल्यासारखी दिसते.

किट हातात आलं की मागची बाजू वाचा. बाजारात ती सगळी एकसारखी नाहीत. अभ्यासांत उतरलेला डोस असा: अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा, चौदा दिवस. काही किटांत अमॉक्सिसिलिन ७५० आणि क्लॅरिथ्रोमायसिन २५० असतं, काहींत क्लॅरिथ्रोमायसिनच्या किंवा अमॉक्सिसिलिनच्या जागी टिनिडाझोल ५००. नाव तेच, खोका तसाच, पण औषध उणं. टिनिडाझोलचा भाऊ मेट्रोनिडाझोल आपल्याकडे जुलाबावर इतकी वर्षं सढळ हातानं दिला गेला, की भारतातल्या अनेक अभ्यासांत निम्म्याहून जास्त एच. पायलोरी त्याला दाद देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनचीही तीच वाट चालू आहे. ज्या भागात १५ टक्क्यांहून जास्त जंतू त्याला सरावलेले आहेत तिथे हे किट पहिल्या फेरीत देऊ नये असं आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, आणि २०२४ च्या अमेरिकन शिफारशींत पहिली पसंती चार औषधांच्या बिस्मथवाल्या उपचाराला आहे.

तो उपचार तयार किटात क्वचितच मिळतो, आणि मिळाला तर गोळ्यांची संख्या बघूनच माणूस गांगरतो: आम्लाची गोळी दोनदा, बिस्मथ चारदा, टेट्रासायक्लिन ५०० चारदा, मेट्रोनिडाझोल ४०० तीन-चारदा. टेट्रासायक्लिन सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून तिच्या जागी डॉक्सिसायक्लिन देतात. निकाल उतरतात, मूळची मिळेपर्यंत दोन दुकानं पालथी घातलेली बरी. टेट्रासायक्लिन दूध, लोहाची गोळी किंवा अँटासिडबरोबर घेतली की पोटातच बांधली जाते आणि वाया जाते. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत.

तीन औषधांच्या किटकडे परत. यात एक रचनेचीच चूक आहे. आम्लाची कॅप्सूल जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, अँटिबायोटिक्स जेवल्यावर. पण स्ट्रिपवर एकाच ओळीत तिन्ही बसवून वर फक्त 'सकाळ' छापलेलं असतं. माणूस नाश्त्यानंतर तिन्ही एकदम गिळतो. आम्लाचे पंप खाण्यानं जागे होतात आणि औषध त्या वेळी रक्तात असावं लागतं. काही तासांतच ते रक्तातून उतरतं. म्हणून स्ट्रिपवर पेननं कॅप्सूलभोवती गोल काढून 'नाश्त्याआधी' आणि 'रात्रीच्या जेवणाआधी' असं लिहून घ्या. जाग आली की पाण्याबरोबर कॅप्सूल, आंघोळ-पूजा आटोपून नाश्ता, मग उरलेल्या दोन. एवढ्यानं वेळ बरोबर बसते. कॅप्सूल चावू नका किंवा खलून देऊ नका. आतल्या दाण्यांवरचं आवरण फुटलं की औषध आम्लातच मरतं.

दुसरी चूक घेणाऱ्याकडून होते. चार दिवसांत दुखायचं थांबतं, म्हणून 'ॲसिडिटीची गोळी' सोडून फक्त अँटिबायोटिक चालू ठेवतात. किटातली ती कॅप्सूल जळजळीसाठी घातलेलीच नाही. आम्लात एच. पायलोरी वाढायचं थांबवून दबा धरतो, आणि अमॉक्सिसिलिन फक्त वाढत्या जंतूला मारू शकतं. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिन आम्लात लवकर नासतं. आम्ल उतरलं की जंतू वाढायला लागतो आणि तेव्हाच सापडतो. म्हणजे ती कॅप्सूल वगळली की उरलेली दोन औषधंही लंगडी होतात. सातच स्ट्रिपा नेऊन 'बघू, बरं वाटलं तर पुढच्या नेतो' म्हणणं त्याहून वाईट: अर्धवट मारलेल्या जंतूंतले सरावलेले मागे राहतात.

त्रास काय होतो तेही माहीत असावं, म्हणजे मधेच सोडावंसं वाटत नाही. तोंडाला पितळी भांड्यातलं ताक प्यायल्यासारखी कळकट चव येते, ती क्लॅरिथ्रोमायसिनची. दोन-चार सैल जुलाब होतात. दही-ताकानं सांभाळता येतं. मात्र दिवसाला खूपदा पाण्यासारखे किंवा रक्ताचे होऊ लागले तर डॉक्टर. टिनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही निदान तीन दिवस. बिस्मथनं जीभ आणि शी काळी पडते, ते अपेक्षितच. पेनिसिलिननं पूर्वी अंगावर गांध्या आल्या असतील किंवा श्वास कोंडला असेल तर अमॉक्सिसिलिनचं किट उघडूच नका.

क्लॅरिथ्रोमायसिनचं इतर औषधांशी जमत नाही, आणि हे काउंटरवर जवळजवळ कोणीच विचारत नाही. कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर तिची रक्तातली पातळी चढते आणि स्नायू विरघळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. डॉक्टरांना विचारून ती चौदा दिवस थांबवावी लागते किंवा बदलावी लागते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या साखरेच्या गोळ्यांबरोबर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, युरिक ॲसिडच्या सांधेदुखीची कोल्चिसिन, हृदयाच्या ठोक्यांची औषधं, सगळ्यांचीच यादी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि पॅन-डी. त्यात पँटोप्रॅझोलसोबत ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असतं. क्लॅरिथ्रोमायसिन त्याला शरीरातून बाहेर पडू देत नाही, आणि दोन्ही हृदयाची लय बिघडवू शकतात. किट चालू असताना 'मळमळ होते' म्हणून घरातली पॅन-डी घेणं धोक्याचं आहे. एरवीही अल्सर भरायला डॉम्पेरिडोनचा काडीचा उपयोग नाही. 'पॅन' मागितलं की 'पॅन-डी' हातात ठेवण्याची आपल्या दुकानांची सवय आहे खरी.

आता बाकीचा कप्पा, थोडक्यात.

इनोच्या ५ ग्रॅमच्या पाउचात निम्म्याच्या आसपास खाण्याचा सोडा असतो. फेस येतो, ढेकर येतो, पंधरा मिनिटं बरं वाटतं. एका पाउचात सोडियम ०.८ ग्रॅमच्या घरात, आणि प्रौढानं दिवसभरात २ ग्रॅमच्या खाली राहावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णानं रोज घेण्याची ही वस्तू नव्हे. डायजिन, जेलुसिल यांसारखी सिरपं त्यापेक्षा बरी: ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, एकानं शी बांधते, दुसऱ्यानं सैल होते, जोडीनं समतोल. जखम मात्र यांपैकी कोणी भरत नाही. आम्ल कमी करणाऱ्या जुन्या रॅनिटिडीनचा जमाना संपला: एनडीएमए या कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या अशुद्धीमुळे एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेनं ते बाजारातून काढायला लावलं आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं. दुकानात अजून मिळतं.

सुक्राल्फेटच्या सिरपची ख्याती मोठी आहे, ते जखमेवर लेप बसवतं म्हणून. बसवतं खरं, पण आम्ल असेल तरच ते चिकट होतं. पँटोप्रॅझोलसोबत ते लिहून देण्यात त्यामुळे फारसं तथ्य नाही. घ्यायचंच तर १ ग्रॅम, जेवणाआधी तासभर आणि झोपताना. थायरॉइडची गोळी त्यापासून बरीच लांब, निदान चार तास. मूत्रपिंड कमजोर असेल तर नको, त्यात ॲल्युमिनियम असतं.

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल वगैरे 'प्रॅझोल' कुटुंब अल्सर भरण्यात अव्वल आहे, आणि जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी तेच काम करते. पण जंतू पोटात तसाच राहिला तर गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा अल्सर वर्षभरात परत येतो. मग माणूस वर्षानुवर्षं रोज एक गोळी घेत बसतो. पुढे ब-१२ आणि मॅग्नेशियम उतरतं. एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळी मारतं, त्याला 'गोळीशिवाय जमत नाही' असं नाव पडतं. एक दिवसाआड करत आठवड्या-दोन आठवड्यांत सोडावी. व्होनोप्रॅझान हे नवं औषध आता आपल्याकडेही आलं आहे. ते जेवणाच्या वेळेवर अवलंबून नाही आणि आम्ल जास्त घट्ट धरून ठेवतं. महाग आहे, आणि किटात ते कोणाला द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं.

आयुर्वेदिक फळीवर कामदुधा, सूतशेखर आणि अविपत्तिकर. कामदुध्यात प्रवाळ, मोती, शिंपला, शंख, कवडी, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, एक चांगलं अँटासिड. अविपत्तिकर चूर्णाच्या पाठात निम्मी साखर आणि तिसरा हिस्सा निशोत्तर. त्यानं पोट साफ होतं म्हणून हलकं वाटतं, मधुमेह्यानं साखरेचा हिशेब ठेवावा. सूतशेखरात पारा, गंधक, बचनाग, धोतरा असतात. वैद्यानं नाडी बघून दिलं तर वेगळं, मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची ती गोळी नव्हे. एच. पायलोरी घालवण्यात यांपैकी एकही किटच्या बरोबरीनं उतरलेलं नाही.

पेनकिलरचा अल्सर असेल आणि जंतू नसेल तर किट नकोच. पेनकिलर बंद, 'प्रॅझोल' आठ आठवडे, बस. हृदयाची ॲस्पिरिन मात्र मनानं बंद करू नये. ती किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

कोणतंही पाकीट न फोडता दवाखाना गाठायचे प्रसंग असे. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी. लोहाच्या गोळीनं किंवा बिस्मथनंही शी काळी होते, पण ती बांधलेली असते, वास तसा नसतो आणि माणसाला चक्कर येत नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा लाल उलटी. सुरी खुपसल्यासारखी अचानक कळ उठून पोट लाकडासारखं घट्ट होणं: जठराला भोक पडलेलं असू शकतं आणि तासातासानं धोका वाढतो. कालचं जेवण आज उलटून पडणं. आणि पन्नाशीच्या माणसाची, मधुमेह्याची 'ॲसिडिटी' घाम आणि धाप घेऊन आली तर आधी ईसीजी, इनो नाही.

किट सुरू करतानाच खोक्यावर एक तारीख लिहा: शेवटच्या गोळीनंतर चार आठवडे, त्यातले शेवटचे दोन आठवडे आम्लाची गोळीही बंद. त्या दिवशी श्वासाची किंवा शीची तपासणी करायची, रक्ताची नाही. दुखायचं थांबलं म्हणजे जंतू गेला असं होत नाही, आणि खर्चाकडे बघून हीच पायरी सर्वात जास्त गाळली जाते. निगेटिव्ह आली तर साध्या आतड्याच्या अल्सरला पुढे रोजच्या गोळीची गरज उरत नाही. पॉझिटिव्ह आली तर तेच किट पुन्हा आणू नका. त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिनला हा जंतू आता ओळखतो. रिकाम्या स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे दुसऱ्या फेरीत ते वगळून बिस्मथचा उपचार लिहिता येईल.